डायरीतून नोट्समध्ये: एका घरगुती स्क्रिप्टचं प्रकरण

डायरी एका अ‍ॅपमध्ये आणि कामाची टिपणं दुसऱ्या अ‍ॅपमध्ये, अशी विभागणी बऱ्याच जणांची असते. त्यानं सहसा काही बिघडत नाही. या प्रकरणातल्या मैत्रिणीचं मात्र रोज थोडं थोडं बिघडत होतं. ती भाषांतराचं काम करते. कुठल्या शब्दावर कधी अडली, कुठलं पुस्तक वाचताना काय सुचलं, हे सगळं ती अनेक वर्षं ‘डे वन’ या डायरीच्या अ‍ॅपमध्ये लिहीत आली होती, कारण फोनवर तिथे लिहिणं सोपं जातं. कामाची टिपणं ‘ऑब्सिडियन’मध्ये. एखाद्या टिपणात ‘हे आधी कधीतरी लिहिलंय’ असं वाटलं की ती फोन काढून डायरीत शोध घ्यायची, सापडलेला मजकूर निवडून स्वतःला पाठवायची आणि मग टिपणात चिकटवायची.

तिला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बऱ्यापैकी येते. तेव्हा डायरीतल्या नोंदी नोट्सच्या फोल्डरमध्ये उतरवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहायची, असं तिनं ठरवलं. पहिली आवृत्ती एका बैठकीत तयार झाली आणि चाललीही. मी त्यात आलो ते नंतर, जेव्हा तिनं ती दुसऱ्यांदा चालवली.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तिला डायरी सोडायची नव्हती. नवीन नोंदी फोनवरच लिहिल्या जाणार होत्या, नोट्समध्ये त्यांची फक्त प्रत हवी होती. एका घरातून दुसऱ्या घरात सामान हलवणं एकदाच होतं. प्रत मात्र पुन्हापुन्हा काढावी लागते. इंटरनेटवर अशा कामासाठी ज्या तयार स्क्रिप्ट्स मिळतात, त्यातल्या बऱ्याच एकदाच सामान हलवण्यासाठी लिहिलेल्या असतात, आणि तिची पहिली आवृत्तीही त्याच वळणाची होती.

हातात काय असतं

डे वनमधून जेसन स्वरूपात एक्स्पोर्ट घेतलं, म्हणजे नोंदी बाहेर काढल्या, की एक झिप, म्हणजे एकत्र बांधलेली फाईल, मिळते. तिच्यात प्रत्येक डायरीची एक जेसन फाईल (प्रोग्रामला वाचता येईल अशी मांडलेली मजकुराची फाईल) आणि फोटोंचा फोल्डर असतो. जेसनमध्ये नोंदींची यादी. प्रत्येक नोंदीला स्वतःचा ओळख क्रमांक (यूयूआयडी), तयार केल्याची वेळ, बदलल्याची वेळ, टाइमझोनचं नाव, मजकूर, टॅग, ठिकाण, हवामान आणि फोटोंची माहिती. मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या चिन्हांनी मांडणी दाखवण्याच्या पद्धतीत, असतो. ऑब्सिडियनही मार्कडाउनच वापरतं आणि त्याची ‘तिजोरी’ (व्हॉल्ट, टिपणं ठेवण्याची जागा) म्हणजे डिस्कवरचा साधा फोल्डर. म्हणजे कागदावर हे काम फारच सोपं: यादीतून एकेक नोंद घ्या, तिची एकेक फाईल लिहा.

फोटोंची एक गंमत आहे. मजकुरात फोटोच्या जागी त्याचा एक ओळख क्रमांक असतो, पण फोल्डरमधल्या फाईलचं नाव असतं फोटोतल्या बाइट्सवरून काढलेला एमडी५ ठसा, म्हणजे त्या फाईलची आकडे-अक्षरांतली ओळखखूण. दोघांची सांगड नोंदीतल्या फोटोंच्या यादीत मिळते. तेवढं बघितलं की झालं, आणि तिनं ते बघितलं होतं.

मध्यरात्रीनंतरच्या नोंदी

पहिली तक्रार तारखांची. काही नोंदी चुकीच्या दिवशी पडल्या होत्या. सगळ्या नाही, फक्त काही, आणि अशाच चुका जास्त त्रास देतात.

कारण सरळ होतं. एक्स्पोर्टमधली वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते. स्क्रिप्ट त्या वेळेची पहिली दहा अक्षरं तारीख म्हणून उचलत होती. लिहिणारा यूटीसीच्या पुढच्या टाइमझोनमध्ये असेल तर त्याच्या पहाटेच्या नोंदी आदल्या दिवशी जातात, आणि मागच्या टाइमझोनमध्ये असेल तर रात्रीच्या नोंदी दुसऱ्या दिवशी. दुपारी लिहिलेलं सगळं बरोबर, म्हणून सहज चाळून पाहताना चूक दिसत नाही.

उपाय म्हणून ठरावीक तास मिळवणं हा मोह होतो. तो टाळावा. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात तिथे वर्षभर एकच फरक लागू पडत नाही, आणि माणूस प्रवासात असेल तर प्रश्नच मिटला. नोंदीत टाइमझोनचं नाव आहेच, ते वापरावं. पायथनमध्ये ३.९ पासून (२०२०) ‘झोनइन्फो’ हे मॉड्यूल सोबतच येतं; विंडोजवर मात्र त्याच्या जोडीला ‘टीझेडडेटा’ हे पॅकेज बसवावं लागतं. जाता जाता: वेळेच्या शेवटी येणारं यूटीसीचं ‘झेड’ हे अक्षर पायथनचं ‘फ्रॉम आयएसओ फॉरमॅट’ ३.११ पासूनच समजून घेतं. त्याआधीच्या आवृत्तीवर तीच ओळ चूक दाखवून थांबते.

पण खरी चर्चा झाली ती यानंतर. रात्री एक वाजता लिहिलेली नोंद कुठल्या दिवसाची? घड्याळ म्हणतं नव्या दिवसाची. तिचं म्हणणं होतं की झोपेपर्यंत आदलाच दिवस चालू असतो आणि नोंदीची पहिली ओळ बहुतेकदा ‘आज’ अशीच सुरू होते. मला ते पटलं. शेवटी ठरलं असं: पहाटे चारच्या आत लिहिलेली नोंद आदल्या दिवसाच्या नावाखाली जाईल, पण नोंदीची खरी वेळ फाईलच्या डोक्यावरच्या माहितीत, म्हणजे फ्रंटमॅटरमध्ये, टाइमझोनसकट जशीच्या तशी राहील. नावाखाली कुठे ठेवायचं हा आवडीचा भाग झाला. मूळ वेळ मात्र कुठल्याही सोयीसाठी बदलायची नाही.

मात्रा गेल्या कुठे?

दुसरी भानगड नावांची, आणि ही देवनागरीसारख्या लिप्यांत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येते. तिनं नोंदीच्या पहिल्या ओळीवरून फाईलचं नाव बनवलं होतं. नावात नको ती चिन्हं येऊ नयेत म्हणून, अशा कामात सगळेच वापरतात ती युक्ती तिनंही वापरली: रेग्युलर एक्स्प्रेशननं, म्हणजे मजकुरात नमुना शोधण्याच्या सूत्रानं, ‘शब्दातली अक्षरं’ तेवढी ठेवायची, बाकी उडवायचं. निकाल असा की ‘गुरुवारचं काम’ या नोंदीची फाईल झाली ‘गरवरच कम’ आणि ‘पावसाळ्यातली सुट्टी’ झाली ‘पवसळयतल सटट’.

पायथनचं सोबत येणारं रेग्युलर एक्स्प्रेशनचं मॉड्यूल काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलंत यांना शब्दातली अक्षरं मानत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या प्रमाण यादीत, ती जोडचिन्हं आहेत, स्वतंत्र अक्षरं किंवा अंक नाहीत, आणि हे मॉड्यूल अक्षर-अंकांपुरतंच बघतं. रोमन लिपीत ही युक्ती सहसा दगा देत नाही, म्हणून ती सगळीकडे पसरली आहे. इलाज उलटा विचार करण्यात आहे: काय ठेवायचं याची यादी करू नये, काय काढायचं याची करावी. फाईलच्या नावात चालत नाहीत अशी चिन्हं मोजकीच आहेत: तिरप्या रेघा, कोलन, प्रश्नचिन्ह, तारका, अवतरण, कोनी कंस, उभी रेघ. ऑब्सिडियनच्या दुव्यांत अडचण करणारे चौकोनी कंस, हॅश आणि कॅरेट त्यात मिळवायचे. एवढीच काढली की मात्रा जागच्या जागी राहतात.

मग लांबी. तिच्या एका मशीनवर स्क्रिप्ट व्यवस्थित चालायची आणि लिनक्सच्या मशीनवर मधेच ‘नाव फार मोठं’ म्हणून थांबायची. लिनक्सच्या एक्सटी४ फाईलसिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट्सची आहे, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे फार तर ८५ चिन्हं. त्यातही डोळ्याला दिसणारं एक अक्षर म्हणजे एक चिन्ह नव्हे. ‘स्त्री’ या शब्दात डोळ्याला एकच जोडाक्षर दिसतं, पण साठवताना सहा चिन्हं लागतात: स, हलंत, त, हलंत, र, वेलांटी. अठरा बाइट झाले. बरं, नाव मोजून कापायचं म्हटलं तर भलत्याच ठिकाणी कापलं जाऊन शेवटी लोंबता हलंत उरतो. म्हणून शब्दांमधल्या मोकळ्या जागेवरच कापायचं, आणि मोजायचं बाइटमध्ये.

‘ऱ’ची गोष्ट या दोन्हींहून वरताण. ‘दुसऱ्या’ हा शब्द पडद्यावर हुबेहूब एकसारखा दिसत असला तरी तो निदान तीन प्रकारे साठवलेला असू शकतो. एक म्हणजे ‘ऱ’चं स्वतंत्र चिन्ह, दुसरा ‘र’खाली नुक्ता जोडून, आणि तिसरा ‘र’, हलंत आणि शून्य रुंदीचा जोडक असा. कुठला कीबोर्ड काय टाकतो त्यावर ते ठरतं. तिनं फोन बदलले होते, कीबोर्ड बदलले होते, म्हणून तिच्या नोंदींत तिन्ही सापडले. परिणाम दोन. शोध घेतला की काही नोंदी हाताला लागायच्याच नाहीत, आणि टॅगांच्या यादीत एकच टॅग दोनदा दिसायचा. युनिकोडचं एनएफसी हे सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणणं) पहिल्या दोन प्रकारांना एक करतं. तिसऱ्याला ते हात लावत नाही. तो स्क्रिप्टमध्ये वेगळी बदली लिहून सांभाळावा लागला. ही बदली फक्त प्रतीत होते, मूळ डायरीत काही बदलत नाही, म्हणून ती करायला हरकत नव्हती.

या सगळ्यावर माझा साधा सल्ला होता: नाव म्हणून तारीख, वेळ आणि ओळख क्रमांकाची पहिली काही अक्षरं घ्यावीत, शीर्षक फाईलच्या आत ठेवावं. तिला तो मान्य झाला नाही. फाईलींची यादी चाळताना आकड्यांची रांग दिसली तर प्रत काढून उपयोग काय, असा तिचा सवाल, आणि तो रास्त होता. तारीख आणि पहिले चार-पाच शब्द असं नाव ठरलं. पूर्ण ओळख क्रमांक फ्रंटमॅटरमध्ये गेला. पुढच्या वेळी नोंद शोधताना स्क्रिप्ट नावाकडे बघतच नाही, फाईली उघडून ओळख क्रमांकच वाचते. त्यामुळे तिनं फाईलचं नाव बदललं, दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली, तरी ओळख तुटत नाही.

दुसऱ्यांदा चालवणं

आता मूळ घटनेकडे. पहिल्यांदा स्क्रिप्ट चालवल्यावर काही आठवडे तिनं त्या प्रती मनापासून वापरल्या. नोंदींमधल्या शब्दांना आपल्या टिपणांचे दुवे जोडले, कुठे खाली दोन ओळी लिहिल्या. मग नव्या नोंदी आणायच्या म्हणून ताजं एक्स्पोर्ट घेऊन स्क्रिप्ट पुन्हा चालवली. स्क्रिप्टनं सांगितलं तसं केलं. सगळ्या फाईली नव्यानं लिहिल्या. जोडलेले दुवे, खालच्या ओळी, सगळं साफ. बॅकअप होता म्हणून ते परत मिळालं.

‘फाईल आधीच असेल तर सोडून दे’ हा पहिला सुचणारा उपाय. तो पुरत नाही, कारण ती जुन्या नोंदी डायरीत दुरुस्त करते, आणि मग ती दुरुस्ती प्रतीत कधीच येत नाही. ‘नेहमी नव्यानं लिही’ तर करून झालं होतं. या दोन टोकांच्या मधे आम्ही तीन गोष्टी तपासल्या.

पहिली: प्रत्येक फाईलमध्ये खुणा घालून एक पट्टा स्क्रिप्टच्या मालकीचा करायचा आणि खाली माणसाचा मजकूर. ऑब्सिडियनमध्ये टक्केचिन्हांच्या दोन जोड्यांमधला (%%…%%) मजकूर टिप्पणी मानला जातो, त्यामुळे वाचण्याच्या दृश्यात खुणा दिसतही नाहीत. पण तिला दुवे नोंदीच्या मजकुरातच हवे होते, खाली नको. पट्ट्यात हात घातला की पट्ट्याला अर्थ राहत नाही.

दुसरी: प्रतींना कुणीही हात लावायचा नाही. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये फक्त वाचण्यासाठी राहतील, आणि जिथे काही म्हणायचंय तिथे स्वतःचं टिपण लिहून त्यातून नोंदीला दुवा द्यायचा. नोंद उघडली की तिच्याकडे येणारे दुवे ऑब्सिडियन दाखवतंच. मला हाच मार्ग अजूनही सगळ्यात बरा वाटतो. मालकी स्पष्ट, स्क्रिप्ट छोटी, भांडणच नाही.

तिनं निवडली तिसरी. स्क्रिप्ट जेव्हा फाईल लिहिते तेव्हा स्वतः लिहिलेल्या मजकुराचा एसएचए-२५६ ठसा आपल्याकडच्या एका नोंदवहीत ठेवते. पुढच्या वेळी आधी फाईलचा आत्ताचा ठसा काढायचा. तो जुळला, म्हणजे मधल्या काळात कुणी हात लावलेला नाही. खुशाल नव्यानं लिहा. जुळला नाही, म्हणजे माणसानं काहीतरी केलंय. मग त्या फाईलला शिवायचं नाही. डायरीतली नोंदही बदललेली असेल तर नवा मजकूर शेजारी वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचा आणि शेवटी यादी दाखवायची. दोन्ही मजकूर समोर ठेवून काय घ्यायचं ते माणूस ठरवेल. स्क्रिप्टला फक्त तेवढ्याच जागी लिहिण्याचा हक्क, जिथे शेवटचं स्क्रिप्टनंच लिहिलं होतं.

यात एक बारकावा पहिल्याच चाचणीत वर आला. ठसा पूर्ण फाईलचा काढला तर जवळजवळ सगळ्याच ‘माणसानं बदललेल्या’ दिसू लागल्या. ऑब्सिडियनमध्ये फ्रंटमॅटरचे गुणधर्म संपादित केले, अगदी एखादा टॅग वाढवला, तरी ते अवतरणचिन्हं आणि मांडणी आपल्या पद्धतीनं लिहून टाकतं. तिनं तर बऱ्याच नोंदींना टॅग लावले होते. म्हणून ठसा फक्त मजकुराचा, फ्रंटमॅटर वगळून, आणि शेवटच्या रिकाम्या ओळी काढून. फ्रंटमॅटरमध्ये स्क्रिप्ट आपल्या ठरलेल्या किल्ल्यांनाच हात लावते, बाकीच्या तशाच राहू देते.

राहिलं पुसणं. डायरीतली नोंद पुसली तर प्रतीचं काय? मला आधी वाटत होतं की स्क्रिप्टनं कधीच काही पुसू नये. पण तिनं विचारलं: मी एखादी नोंद मुद्दाम पुसली असेल, ती कुठेच राहू नये म्हणून, तर? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या बाजूनं, एक्स्पोर्ट अर्धवट झालं, अ‍ॅपमधल्या अनेक डायऱ्यांपैकी चुकून एकच निवडली गेली, तर स्क्रिप्टला शेकडो नोंदी ‘पुसलेल्या’ दिसतील. शेवटी स्क्रिप्ट अशा नोंदींची नावं दाखवते आणि विचारते. संख्या जरा मोठी असेल तर विचारतही नाही, एक्स्पोर्ट तपासा म्हणून थांबते.

भराभर

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. शीर्षकात कोलन आला की वायएएमएल, म्हणजे फ्रंटमॅटर ज्या पद्धतीनं लिहितात ती मांडणी, बिघडू शकते, म्हणून फ्रंटमॅटर हातानं ओळी जोडून लिहू नये, त्यासाठीच्या तयार कोडकडून, म्हणजे लायब्ररीकडून, लिहून घ्यावं. त्या लायब्ररीला युनिकोड जसंच्या तसं ठेवायला सांगावं लागतं, नाहीतर मराठी शीर्षकाच्या जागी सांकेतिक आकड्यांची रांग येते. विंडोजवर फाईल उघडताना यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहावं. टॅगमधल्या मोकळ्या जागांचे हायफन करावेत. काही नोंदींत पूर्णविरामांच्या आधी उलट्या तिरप्या रेघा होत्या. मार्कडाउनमध्ये ती चिन्ह साधं ठेवण्याची रीत आहे, पण वाचताना खुपतं, म्हणून काढल्या.

कुलूप

हा भाग कोडमध्ये एका ओळीचा आहे, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डायरीच्या अ‍ॅपला पासकोड असतो, डे वनमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शनही मिळतं. स्क्रिप्ट चालली की तोच मजकूर साध्या फाईलींमध्ये येतो. मशीनवर बसणारा कुणीही त्या उघडू शकतो. फोल्डर क्लाउडवर सिंक होत असेल तर तिकडेही जातात. शिवाय झिप. ती डाउनलोड्समध्ये तशीच पडून राहते, सगळी डायरी एका फाईलमध्ये, कुलूप न लावता. तिच्या मशीनवर अशा अनेक झिप्स होत्या.

आता काम संपलं की झिप पुसायची का, असं स्क्रिप्ट विचारते. आणि डे वनमध्ये तिनं खासगी लेखनासाठी वेगळी डायरी केली, जी एक्स्पोर्टमध्ये घेतलीच जात नाही. टॅग बघून वगळण्याची कल्पना आधी होती, पण टॅग लावायला विसरलं की नोंद बाहेर पडली. वेगळी डायरी म्हणजे विसरण्याला वावच नाही. नोट्सचा फोल्डर गिटमध्ये, म्हणजे फाईलींच्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या साधनात, ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की आज पुसलेली नोंद इतिहासात तशीच असते.

तपासणी आणि सद्यस्थिती

प्रत बरोबर आली हे कशावरून? स्क्रिप्ट शेवटी चार आकडे छापते: एक्स्पोर्टमधल्या नोंदी, फोल्डरमधले वेगवेगळे ओळख क्रमांक, एक्स्पोर्टमधले फोटो, प्रतीत खरोखर सापडलेले फोटो. पहिले दोन आणि शेवटचे दोन जुळले पाहिजेत. त्यावर विसंबून न राहता तिनं काही नोंदी मुद्दाम निवडून ठेवल्या आहेत: मध्यरात्रीनंतरची एक, प्रवासातली एक, फोटो मजकुराच्या मधे असलेली एक, शीर्षकच नसलेली एक, पहिली ओळ प्रचंड लांब असलेली एक. स्क्रिप्टमध्ये काहीही बदललं की आधी या नोंदी रिकाम्या फोल्डरवर चालवून डोळ्यांनी बघायच्या. खऱ्या फोल्डरवर जाण्याआधी ‘काय करणार ते फक्त सांग’ असा एक फेरा होतोच.

एक्स्पोर्ट अजून हातानंच घ्यावं लागतं, त्यामुळे प्रती नेहमी थोड्या मागे असतात. स्क्रिप्ट सुरुवातीलाच सगळ्यात ताज्या नोंदीची तारीख छापते, म्हणजे जुनीच झिप पुन्हा दिली असेल तर लगेच कळतं. शेजारी ठेवलेल्या फाईलींची यादी दर वेळी दोन-तीन नावांची निघते. त्यातल्या बहुतेकांत तिनं डायरीत शुद्धलेखन सुधारलेलं असतं आणि प्रतीत दुवे जोडलेले असतात. ते ती हातानं जुळवते. मी स्वयंचलित मर्ज, म्हणजे दोन्ही मजकूर आपोआप एकत्र करणं, सुचवला होता. तिनं नको म्हटलं.